तळ कुठं टाकायचा

वाघ दाखवणं हे माझं काम कधीच नव्हतं. ते काम वनखात्याचं, जिप्सीतल्या गाइडचं आणि मनात असेल तर वाघाचं. वाघ बघायला निघालेला माणूस झोपणार कुठं, एवढं ठरवणं माझ्याकडं. बारामतीत स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एका गाळ्यात बसून मी हे सव्वीस वर्षं केलं. तेवढ्या काळात मला स्वतःला वाघ चार वेळा दिसला. त्यातला एक झोपलेला होता आणि एक फक्त शेपटीपुरता होता. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "वाघांच्या आठवणी द्या" म्हटल्यावर मी सांगितलं, वाघांचं एका पोस्टकार्डावर मावेल. गाद्यांचं, गिझरचं आणि माणसांचं चालत असेल तर लिहिते. ते जरा नाराज झाले, पण पानं मोकळी होती.

जंगलात राहायची जागा निवडायची म्हणजे मोबाइलवर फोटो बघायचे आणि ज्यातला पोहण्याचा तलाव जास्त निळा दिसेल ती घ्यायची, असं बऱ्याच लोकांना वाटतं. पोहायचंच असेल तर आमच्या भागात विहिरी आहेत, त्यासाठी विदर्भात जायला नको. जंगलाला गेट असतं. ताडोबासारख्या मोठ्या जंगलाला बरीच गेटं असतात, आणि सफारीचा परवाना एकाच गेटाचा, एकाच वेळेचा आणि ओळखपत्रावरच्या नावाचा असतो. सकाळची गाडी उजाडता उजाडता आत सोडतात. वेळेवर पोचलेल्याला जनावर दिसण्याची आशा असते आणि उशिरा पोचलेल्याला पुढच्या गाडीच्या धुळीची खात्री असते. म्हणून आधी परवाना, मग खोली, आणि खोली त्याच गेटाला खेटून. मंगळवारी ताडोबा बंद असतं, हेही लोकांना सांगावं लागतं. वाघांना ते माहीत असतं.

माझा दुसरा नियम असा होता की, मी स्वतः झोपून बघितल्याशिवाय कुणाला तिथं झोपायला पाठवायचं नाही. हंगाम सुरू व्हायच्या आधी मी पिशवी उचलून एकटी निघायची. गादी कुठं दबते, गरम पाणी येतं का नुसता आवाज येतो, जनरेटर कुणाच्या खिडकीखाली ठेवलाय, स्वयंपाकी पहाटेच्या चहाला खरंच उठतो का नुसता "हो मॅडम" म्हणतो, हे फोटोत दिसत नाही. रिसॉर्टवाले मला वचकून असायचे. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते. तिथं कुणी विचारलं, "वहिनी दिसल्या न्हाईत बऱ्याच दिसांत," की ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "मध्य प्रदेशात झोपायला गेलीय."

हे काम मी कुठं कोर्स करून शिकले नाही. आमचं घराणं मेंढरांचं. आता सणसरला कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, पण मी दहा वर्षांची होईपर्यंत दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो आणि उन्हाळ्यात माघारी यायचो. पुरुष मेंढरं चारत चारत मागून यायचे. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून, वर कोंबड्या बांधून पुढं जायच्या आणि तळ टाकायच्या. तळ म्हणजे मुक्काम. गाव कुठलं ते माझे वडील ठरवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पण त्या गावच्या शिवारात नेमकी जागा कुठली, हे माझी आई ठरवायची. घोड्याचा कासरा हातात धरून ती नुसती उभी राहायची. पाणी किती लांब, वारं कुठनं, उतार कुठं, मुंग्या कुठं. मग मागं वळून विचारायची, "लंगडी किती? गाभण किती? पाजती किती?" आणि मग बोट दाखवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढं मी गिऱ्हाइकांसाठी प्रश्नांचा एक कागद छापून घेतला. त्यातलं पहिलं कलम हेच आहे. 'ज्येष्ठ नागरिक किती, गरोदर किती, तान्ही मुलं किती', अशी भाषा तेवढी बदलली.

त्या कागदावर मी हजारो माणसं नीट झोपवली, असं मला सांगता येईल आणि ते खोटं नाही. एका माणसाचा मुक्काम मात्र मी चुकवला. ते माणूस म्हणजे ही आईच. तिथवर येतेच, पण आधी कागद छापायची वेळ का आली ते सांगते.

सणसरचे अठरा ऊसवाले शेतकरी दिवाळीनंतर ताडोबाला निघाले होते. त्यांचे म्होरके दिनकरतात्या. तात्या कुठल्याही विषयावर शांतपणे बोलतात आणि बोलणं संपवत नाहीत. मी तेव्हा धंद्यात नवीन होते. परवाने काढले, खोल्या घेतल्या, सगळ्यांची ओळखपत्रं तपासली, तात्यांना कवळीचा डबा आठवणीनं घ्यायला सांगितला. सफारीच्या दिवशी सकाळी फोन आला.

"नंदाबाई, गेटावरचा माणूस म्हंतोय, तुमची नावं हितं न्हाईत."

"कुठल्या गेटावर आहात, तात्या?"

"मोहर्लीच्या. खोल्या तुमीच घेतल्यात की हितल्या."

मी समोरचा परवाना बघितला. त्यावर कोलारा लिहिलं होतं.

"तात्या, माझी चूक झाली. परवाना दुसऱ्या गेटाचा आहे."

"किती लांब हाय?"

"रस्त्यानं दोन तासांच्या वर."

"आन वाघाला?"

"त्याला आतून जवळ पडतं."

तात्या म्हणाले, "बरं. च्या तरी मिळंल का हितं?"

दुपारच्या परवान्याला ते कोलाऱ्याला पोचले. त्यांना दोन मोर, एक रानगवा आणि एक वनरक्षक दिसला. सकाळ मात्र त्यांनी वाया घालवली नाही. वाटेतल्या एका गावात धानाची मळणी चालली होती. अठराही जण गाडीतून उतरून खळ्यावर गेले आणि एकरी उतारा, बियाणं, मजुरी आणि पाण्याची पाळी या विषयांवर त्यांनी तिथल्या शेतकऱ्याची दीड तास उलटतपासणी केली. शेवटी त्या माणसानं विचारलं, "साहेब, आपण कोणत्या खात्याचे?" सणसरला परतल्यावर मंडळी धानाबद्दल इतकं बोलली की वाघाचं कुणी विचारलंच नाही. तात्यांनी माझी चूक कुणाकडं काढली नाही. फक्त लग्नाकार्यात काढली, आणि तात्यांना सगळ्या लग्नांची आमंत्रणं असतात.

त्या रविवारी मी सणसरला आईकडं गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेंढरं एकीकडं आन तळ एकीकडं, व्हय?" आणि मग तिला इतकं हसू आलं की भाकरी मोडली. तसं एकदा आमचंही झालं होतं. दादांनी वाटेत बेत बदलला आणि सांगावा धाडला नाही. आईनं तळ नीरेच्या अलीकडं टाकला आणि मेंढरं पलीकडं येऊन थांबली. नदीच्या दोन काठांवरून दोघं अंधार पडेपर्यंत भांडत होते. आम्हा पोरांना ऐकू फक्त आईचं येत होतं, कारण वारं तिच्या बाजूनं होतं. ती बाब तिनं जागा निवडतानाच बघून ठेवली असणार.

तेव्हापासून प्रश्नांचा कागद आला. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, समोर बसवून भरून घ्यायचा. दरवर्षी अनुभव यायचे तसे प्रश्न वाढत गेले. इंदापूरच्या एका डॉक्टरांना कान्ह्याला पाठवलं होतं. खोलीत पलंग असा होता की झोपल्यावर पाय दक्षिणेला येत होते. डॉक्टरांनी स्वतः तो फिरवला. दिशा बरोबर आली, पण पलंग बाथरूमच्या दाराला टेकला, आणि तीन दिवस ते नवरा-बायको गादीवरून चालत आंघोळीला गेले. तक्रार म्हणून त्यांनी काही सांगितलं नाही. "स्टाफ चांगला होता," म्हणाले. पुढच्या वर्षापासून माझ्या पाहणीच्या पिशवीत होकायंत्र आलं.

सगळ्यात अवघड होते पाव्हणे. आमच्या बारामती-इंदापूरचा माणूस देशात कुठंही गेला तरी वीस कोसांत त्याचा एक पाव्हणा निघतोच, आणि पाव्हणा असताना भाड्याच्या खोलीत उतरणं म्हणजे त्याचा अपमान. एकदा अकरा जणांची मंडळी पेंचला उतरली. खोल्या मी झोपून बघितलेल्या, गेट हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी त्यांना कळलं की, एकाच्या मुलीच्या नणंदेचा दीर जवळच्या तालुक्यात धरणाच्या कामावर इंजिनियर आहे. अकरा जण उठून त्याच्याकडं गेले. त्यानं बोकड कापला. सकाळच्या सफारीला तीन गाड्या रिकाम्या आत गेल्या आणि रिकाम्या बाहेर आल्या. गाइडनं मला फोन करून सांगितलं की, त्या दिवशी वाघ अगदी रस्त्यात बसला होता. मी मंडळींना विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "छ्या! मटण काय केलं हुतं म्हणून सांगू!" तेव्हापासून माझ्या कागदावर 'त्या भागात पाव्हणे आहेत का?' हा प्रश्न आहे. उत्तर 'होय' आलं तर पुढं 'जेवायला काय घालतात?' असा उपप्रश्न आहे.

शेवटचा प्रश्न मात्र पहिल्यापासून एकच होता, 'तुम्हाला नेमकं काय बघायचंय?' हसू नका. निम्म्या लोकांना वाघ नकोच असतो. कुणाला बायकोची कटकट थांबवायची असते, कुणाला शेजाऱ्यानं बघितलं म्हणून बघायचं असतं, एकाला नुसतं आठ दिवस उसाचं रान बघायचं नव्हतं. ते कळलं की खोली निवडणं सोपं होतं.

आता आईचं.

दादा गेल्यावर आई सणसरच्या घरात एकटी होती. अडीच वर्षांपूर्वी ती अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण मी घाबरले. आम्ही दोघी बहिणी, धाकटी लांब नगरला. मी आईला बारामतीला माझ्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, लिफ्ट, पूर्वेची खिडकी, खोलीला लागून संडास-बाथरूम, पलंग गुडघ्याइतका उंच, पाय उत्तरेला. तिच्यासाठी ती खोली मी ज्या काळजीनं लावली तेवढी कुठल्या गिऱ्हाइकासाठी लावली नव्हती. एखाद्या रिसॉर्टला दिले असते तर दहापैकी दहा गुण दिले असते.

आईनं खोली बघितली. खिडकीतून खाली बघितलं. मग मला विचारलं, "किती दिसाचा तळ हाय ह्यो?"

इतकी वर्षं चालून चालून दमलेली बाई, तिला आता तरी निवांत वाटावं म्हणून मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आता कायमचा, आई. आता कुठं जायचं नाही."

ती पलंगावर टेकली. मला वाटलं, समाधान झालं.

सोबत आणलेलं गाठोडं तिनं पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं आणि ते रिकामं केलंच नाही. मी कपाट मोकळं करून दिलं. लुगडी ती रोज गाठोड्यातून काढायची, धुऊन वाळली की पुन्हा गाठोड्यात घालून गाठ मारायची. मी रागावले, "आई, कपाट काय शोभेला आहे?" ती "राहू दे" म्हणायची. हळूहळू तिची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. "वय झालं," म्हणाले. झोप लागायची नाही. दिवसा माझी पाठ वळली की लिफ्टनं खाली जायची आणि वॉचमनच्या बाकड्यावर जाऊन बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "कुठलं गाव?" सोसायटीतून मला दोनदा सौम्य शब्दांत सांगण्यात आलं. मी आईला सौम्य नसलेल्या शब्दांत सांगितलं. त्याची मला आज लाज वाटते. मग तिनं खाली जाणंही सोडलं. माझ्या डोळ्यांसमोर ती वाळत चालली होती, आणि मला वाटत होतं, निदान जागा तरी चांगली मिळाली बिचारीला.

त्याच काळात आमच्या भागात एक नवल झालं होतं. ज्या माळावर कुसळं उगवतात म्हणून आम्ही नाक मुरडायचो, त्या इंदापूर-बारामतीच्या माळांवर सफारी निघाली. चिंकारा, खोकड, तरस आणि मुख्य म्हणजे लांडगा. पुण्याची माणसं लांडगा बघायला पैसे भरून येतात, असं मी आईला सांगितलं. "लांडगा? पैसं दिऊन?" एवढंच म्हणून ती बराच वेळ भिंतीकडं बघत बसली. आमच्याकडं तो फुकट होता.

इंदापूर तालुक्यात बापूराव म्हणून एक शेतकरी आहेत. वनखात्याच्या माळाला लागून त्यांची पडीक जमीन. तिथं त्यांनी पाहुण्यांसाठी सहा तंबू टाकले, आत खाटा, बाजूला बाथरूम, चुलीवरचं जेवण. मी झोपून बघितलं होतं, जागा पास केली होती. पण हिवाळा अर्धा संपला तरी तंबूतून कुणाला लांडगा दिसेना. सफारीच्या गाडीतून एखाद्याला दिसायचा, पण बापूरावांच्या फलकावर 'अंगणातून लांडगा' असं लिहिलेलं होतं. त्यांनी मला फोन केला. "ताई, लोकं फलक वाचून येत्यात आन माझ्याकडं बघून जात्यात. येऊन बघा काय ते."

त्या दिवशी घरी कुणी नव्हतं, आईला एकटी ठेवायची भीती वाटत होती, म्हणून मी तिला गाडीत घातलं. मला काही सुचलं होतं असं नाही. आईनं गाठोडं बरोबर घेतलं. मी म्हटलं, "आई, संध्याकाळी माघारी यायचंय." तिनं तरी घेतलं.

बापूरावांचे तंबू माळाच्या माथ्यावर होते. चहूकडं लांबपर्यंत उघडं, मावळतीचे फोटो झकास येतात. आई काठी टेकत तंबूंच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांतून सोडली. मग गोल फिरून चारी दिशा बघितल्या. कासरा हातात नव्हता, एवढाच फरक.

"कुणी निवडली ही जागा?" तिनं विचारलं.

"मीच, आजी," बापूराव म्हणाले.

"लई चांगली निवडली. शाना हाईस."

बापूराव खुलले.

"हितं लांडगा कदी याचा न्हाय," आई म्हणाली.

बापूरावांनी माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं.

"आमी ह्याच माळाला बसायचो मेंढरं घिऊन," ती म्हणाली. "ह्याच माथ्यावर. हितनं समदीकडचं दिसतंय, मग लांडगा कशाला यील? त्यो येडा हाय का? तुमाला लांडगा बघायचाय व्हय? मग मी जितं जलमात तळ टाकला नसता, तितं टाका."

"कुठं, आजी?"

तिनं खाली बोट दाखवलं. उताराच्या तळाशी एक कोरडा ओढा होता, काठाला बाभळी. ओढ्याच्या मावळतीच्या अंगाला थोडी सपाट जागा होती. "ओढा म्हंजी त्याची वाट. ह्या दिसांत वारं उगवतीकडनं येतं. तुमी मावळतीला बसला की तुमचा वास त्याला जात न्हाय. आन चूल वरच ठेवा. त्याला च्या दिऊ नगा."

सव्वीस वर्षांत मी माणसांच्या गुडघ्यांचा, पोटाचा, दिशांचा आणि पाव्हण्यांचा विचार केला. जनावर कुठून येतं, याचा विचार करून एकही खोली निवडली नव्हती. ते सांगायला तिला आणावं लागलं.

चूल माथ्यावर होती म्हणून चहाही तिथंच झाला. आईला खाटेवर बसवलं. बापूरावांच्या घरच्यांनी भाकरी आणि पिठलं आणलं. आईनं एक अख्खी भाकरी खाल्ली आणि वर अर्धी मागितली. मी मोजत होते.

खाता खाता तिनं बापूरावांना विचारलं, "किती दिसाचा तळ हाय ह्यो?"

"मार्चपतुर, आजी. ऊन तापलं की उचलायचा. दिवाळी झाली की पुन्ना."

"हां," आई म्हणाली, "असंच पायजे. उचलायचा त्यो तळ. न उचलायचा त्यो मसणवाटा."

ती हे मला म्हणाली नाही. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. ती पिठल्यात भाकरी मोडत होती.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मुक्काम चार दिवसांचा असो की चार महिन्यांचा, आमच्यात कधी कुणी तळाला कायमचा म्हणत नव्हतं. तसं म्हणायचं नसतं हे मलाही लहानपणी माहीत होतं, एकदा म्हटलं म्हणून आजीचा धपाटाही खाल्ला होता. गाळ्यात बसून आरक्षणं करता करता मी ते विसरले. मी आईचा हात हातात घेऊन, प्रेमानं, तिला काय सांगितलं होतं, ते मला त्या खाटेशेजारी उभं राहून कळलं. आणि दोन वर्षं ती गाठोडं बांधून का बसली होती, तेही कळलं. मी तंबूमागं जाऊन रडून घेतलं. बापूरावांना वाटलं, धुरानं.

परतीच्या वाटेवर मी तिला कागदावरचे सगळे प्रश्न विचारले. गिऱ्हाइकाला विचारते तसेच. गुडघे, संडास, झोप, पाव्हणे. ती मजेत उत्तरं देत होती. शेवटी विचारलं, "आणि तुला नेमकं काय बघायचंय, आई?"

"मला काय बघायचंय आता," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "येणारं-जाणारं दिसावं. तुज्या तिसऱ्या मजल्यावनं नुसती डोकी दिसत्यात."

माझ्या गाळ्याला मागं एक खोली आहे. तिथं जुनी माहितीपत्रकं आणि रिसॉर्टवाल्यांनी नमुन्याला दिलेल्या उशा पडल्या होत्या. तळमजला, दार रस्त्याच्या बाजूला, समोर चहाची टपरी, दिवसभर रिक्षांची घरघर. नियमाप्रमाणे मी आधी एक दुपार तिथं झोपून बघितलं. डोळ्याला डोळा लागला नाही. गिऱ्हाइकासाठी दहापैकी दोन गुण दिले असते. खोली रिकामी केली, खाट टाकली, आईला आणलं. आता रात्री तिच्या सोबतीला मी तिथंच असते. कुणी विचारलं तर यजमान सांगतात, "गाळ्यात झोपायला गेलीय."

आई दारात उभी राहिली. टपरीवरच्या माणसानं तिला राम राम घातला. तिनं त्याला गाव विचारलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "किती दिसाचा तळ हाय ह्यो?"

"आठ," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि खाटेवर बसून गाठोड्याची गाठ सोडली. लुगडी, तवा, दादांची घोंगडी आणि मेंढरं कोंडायची जी जाळी असते, तिची लाकडी मेख. मेख तिनं खिडकीत ठेवली.

बापूरावांनी दोन तंबू ओढ्याकाठी हलवले. पंधरवड्याच्या आत पुण्याच्या एका जोडप्याला उजाडताना, पांघरुणात बसल्या बसल्या, ओढ्यातून जाणारा लांडगा दिसला. आईला सांगितलं तर म्हणाली, "आन कुत्री काय करत हुती?" आता ती गाळ्यात खुर्ची टाकून बसते आणि माझ्या गिऱ्हाइकांना कागदाआधी स्वतःचे प्रश्न विचारते. दोघांना तिनं घरी परत पाठवलं. त्यातल्या एकाची म्हैस व्यायला झाली होती.

दर आठव्या दिवशी सकाळी ती गाठोडं बांधते. मी जवळ जाते आणि सांगते, "आई, चारा हाय अजून. आणखी आठ दिस बसू." ती गाठ सोडते. असं चार महिने चाललंय. भाकरी सव्वा झालीय.

मागच्या आठवड्यात मी विसरले. नवव्या दिवशी सकाळी टपरीवर चहा सांगून आत गेले, तर ती अंघोळ करून, नीट लुगडं नेसून, गाठोड्यावर बसली होती. हातात काठी. रागावलेली नव्हती. घोडं आलं की निघायचं, अशी बसली होती.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

मी तिच्यापुढं खाली बसले.

"चारा हाय का अजून?" तिनंच विचारलं.

"हाय, आई. लई हाय."

"मग सोड गाठ," ती म्हणाली, आणि मला गाठोडं सोडता यावं म्हणून काठीला धरून उठली.